एक कोरडी, एक ओली

बुटांच्या दुकानात पाय मोजायच्या लोखंडी पट्टीवर उभी असताना गोटीनं शू केली. काही न सांगता, पाय न आवळता, आपलं काही सांडतंय हे तिला स्वतःलाच जरा उशिरा कळल्यासारखी. पिवळ्या चड्डीतून निघालेली धार पायावरून पट्टीवरच्या आकड्यांवर पसरली आणि तिथून चकचकीत फरशीवर आली. विक्रेता गुडघ्यावर बसून तिचा अंगठा पट्टीला टेकवत होता, त्यानं हात झटकन मागे घेतला. गोटीनं मान वाकवून डबक्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "काडीनं केली."

काडी म्हणजे तिची जुळी बहीण, आणि ती तिथे नव्हतीच. ती पलीकडच्या रस्त्यावर पाळणाघराच्या तळमजल्यावर, रांगणाऱ्या आणि दुपट्यात गुंडाळलेल्या मंडळींत बसलेली होती, कारण तिची चड्डी अजून ओली होते. गोटीची होत नाही. म्हणून या सोमवारपासून गोटी वरच्या मजल्यावर मोठ्या गटात जाऊ लागली. मोठ्या गटाला बंद बूट लागतात आणि मोठा गट तळमजल्याच्या आधी सुटतो, म्हणून बाप आज एकट्या गोटीला घेऊन दुकानात आला होता. दोघींच्या जन्मापासून घरात जे आलं ते जोडीनं आलं होतं. दोन पाळणे, दोन टोपडी, खोकलासुद्धा दोघींचा बरोबरच. एकीसाठीच काही घ्यायची ही पहिली वेळ, आणि सकाळपासून त्याला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता, निम्मी लढाई जिंकल्याचा. आता तो अभिमान फरशीवरून बाकाखाली वाहत चालला होता. तो कसनुसं हसला. "बघा, आत्तापासून बहिणीच्या नावावर बिल फाडतेय." विक्रेता फडकं आणायला उठला होता. तो जाता जाता म्हणाला, "असू दे हो. माझा मुलगा कुत्र्याचं नाव घेतो. आमच्याकडे कुत्रा नाही."

दुकानामागच्या बाथरूममध्ये तिला उभी करून त्यानं बॅग उघडली. बॅगेतून निळी चड्डी निघाली. पिवळी गोटीची आणि निळी काडीची, हा घरातला नियम. पिवळी जादाची नव्हतीच, गोटीसाठी जादा चड्डी घेऊन फिरायचं त्यानं केव्हाच बंद केलं होतं. "काडी कुठंय इथे? उगाच तिचं नाव घेतेस," तो म्हणाला, रागावून नव्हे, पाय पुसता पुसता. तिनं आपला तळवा स्वतःच्या पोटावर ठेवला. "ही," ती म्हणाली. त्यानं निळी चड्डी वर ओढली तशी तिनं खाली पाहून मान डोलावली आणि काहीच हरकत नसल्यासारखी पुन्हा म्हणाली, "ही काडी." त्याचा हात थांबला. मग, का कोण जाणे, त्यानं तिच्या डाव्या कानामागचे केस बाजूला केले. काडीच्या तिथे मोहरीएवढा तीळ आहे. इथे काही नव्हतं. ही गोटीच होती. सकाळी हिलाच त्यानं जिना चढवून वर सोडलं होतं आणि आत्ता हिलाच वरून आणलं होतं. गोंधळ झाला असलाच तर तिच्या डोक्यात, आणि तिला तर तो गोंधळ वाटतच नव्हता.

बूट न घेताच तो बाहेर पडला. दुकानासमोर एक बाक होता, त्यावर तिला शेजारी बसवून तो बसला. पोरं काहीही बोलतात, त्यानं स्वतःला सांगितलं. परवा हीच चंद्राला दिवा म्हणाली आणि दिव्याला चंद्र म्हणाली, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. अडीच वर्षांच्या मुलीला चूक कबूल करायची लाज वाटली, तिनं बहिणीचं नाव घेतलं, झालं. पण लाज वाटलेलं मूल असं बोलत नाही, हेही त्याला दिसत होतं. लाज वाटलेलं मूल डोळे चुकवतं. ही त्याच्या डोळ्यांत बघून बोलली होती, बाहेर कोण आलंय हे सांगावं तशी. ती थाप मारत नव्हती, बहिणीवर काही ढकलतही नव्हती. शू झाली म्हणजे ती काडीचीच असणार, आणि शू तर आपल्या पायावरून आली, म्हणजे आपण काडी. तिचा हिशोब चोख होता. असा हिशोब तिला कोणी शिकवला, एवढाच प्रश्न उरत होता, आणि घरी राहून या दोघींना शिकवायला रजा काढली होती ती त्यानंच.

दोघी जन्मल्या तेव्हा वेगळ्या होत्या. एक गुटगुटीत, गोल, म्हणून गोटी. दुसरी इतकी बारीक की नर्सनं हातात देताना "सांभाळून" म्हटलं, म्हणून काडी. खरी नावं दाखल्यावर राहिली. पुढे काडीनं अशी काही दुधाची कसर भरून काढली की वर्ष व्हायच्या आत दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या झाल्या आणि नावांचा अर्थ गेला, नावं तेवढी राहिली. पाहुणे त्यांना ओळखायचा खेळ खेळत आणि हरत. आजी तर फोनवर चेहरे बघून दोघींनाही "बाळ" म्हणून मोकळी व्हायची. तो मात्र कधी चुकायचा नाही, म्हणजे आपण कधी चुकत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा. रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचं त्याचं काम. गिऱ्हाईक भिंतीचा टवका, पडद्याचा तुकडा, जुन्या दाराची ढलपी असं काहीही आणून देतं आणि अगदी तसाच रंग मागतं. नमुना आणि आपला रंग शेजारी शेजारी धरायचे, एकदा पांढऱ्या दिव्याखाली, एकदा पिवळ्या दिव्याखाली, मग खिडकीपाशी, कारण दिव्याखाली सख्खे वाटलेले रंग उन्हात परके निघतात. त्या खात्यात त्याच्या नजरेला मान होता. दुसऱ्यांना दोन सारखे पांढरे दिसत तिथे तो म्हणायचा, यात पिवळा थेंबभर जास्त पडलाय, आणि पडलेला असायचा. अशा माणसाला स्वतःच्या पोटच्या पोरी ओळखता येणार नाहीत? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तो वर म्हणायचा.

पाळणाघरानं सांगितलं की मोठ्या गटात यायचं तर डायपर सुटायला हवा, तेव्हा घरात सल्ल्यांचं दुकानच उघडलं. आईनं फोनवर सांगितलं, "उठल्या उठल्या नेऊन बसवायचं, नळ सोडायचा आणि श्शू म्हणायचं. तू तर वर्षाचा असताना सांगायचास." तो म्हणाला, "आई, वर्षाचा असताना मी बोलत नव्हतो." "डोळ्यांनी सांगायचास," आई म्हणाली, "बघणारं कोणी असलं की कळतं." डॉक्टर म्हणाले, त्यांची तयारी झाली की त्या आपणहून सांगतील, घाई करू नका, आणि दोघींची एकदमच होईल असंही नाही. बायको बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावते, तिचा उपाय ठरलेला होता. ठरावीक वेळानं दोघींना उचलून पॉटीवर बसवायचं, आलं तर आलं, नाही तर गाडी रिकामी परत. तिनं तो उपाय आठवडाभर केला. दोघी शहाण्यासारख्या बसायच्या, गाणी म्हणायच्या, उठायच्या आणि पडद्यामागे जाऊन उरकायच्या. त्यानं तेव्हा बायकोची फार थट्टा केली, तुझ्या गाड्या वेळेवर सुटतात पण प्रवासी दुसऱ्या स्टॉपवर उतरतात म्हणून. आणि मग आपला उपाय काढला. घरात चड्डीच घालायची नाही. उघडं राहिलं की मुलांना आपलं आपण कळतं, धार दिसते, पाय ओले लागतात, आणि बघणारा सतत समोर असला की पकडून पॉटीवर नेता येतं. त्यानं रजा टाकली, गालिचा गुंडाळून उभा केला, सोफ्यावर प्लास्टिक घातलं. बायको डेपोत निघताना दारातून म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण चड्ड्या काढल्यावर ओळखणार कशा?"

हा प्रश्न तिनं विचारला होता. तो आत्ता बाकावर त्याला तिच्या आवाजासकट ऐकू आला, आणि आपण दिलेलं उत्तरही. "मी बाप आहे त्यांचा." दुसऱ्या दिवशी सकाळी काडीच्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश लावलेलं दिसलं. केवढासा ठिपका, कुणाला त्रास नसलेला. त्याला मात्र तो ठिपका झोंबला. गुरांना डाग देतात तसा माझ्या पोरीला कशाला, मला दिसत नाही का, असं म्हणत त्यानं बायकोच्याच बाटलीतलं पॉलिश काढायचं औषध कापसावर घेतलं आणि ठिपका पुसून टाकला. काडी अंगठा बघत राहिली, तिला ठिपका आवडला होता. संध्याकाळी बायकोनं अंगठा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. तुझी नजर, तू बघ." या वाक्यात राग होता की हार होती हे त्यानं तेव्हा तपासलं नाही. कानामागचा तीळ होताच की. पण तो बघायचा तर मूल धरायला हवं, केस बाजूला करायला हवेत, आणि फरशीवर डबकं पसरतंय आणि दुसरी त्यात पाय बुडवायला धावतेय, तेव्हा कोण तीळ शोधत बसतं? नजर असलेल्या माणसाला तशी गरज पडत नाही, असं त्याला वाटायचं.

पहिल्या सकाळी काय झालं ते त्याला अजून लख्ख आठवत होतं. एक जण आपणहून पॉटीवर जाऊन बसली आणि भांड्यात टपटप आवाज आला. तो आनंदानं ओरडला, "शाब्बास गोटी." जवळपास त्याच वेळी दुसरीनं खिडकीपाशी डबकं केलं. "काडी, काय हे," तो म्हणाला. कानामागे बघितलं होतं का? नाही. मग गोटी कशावरून? तिचा चेहरा खुलला होता, यावरून. काडी कशावरून? ती मान घालून उभी होती. लहानपणापासून नाजूक, मागे राहिलेली, कसर भरून काढणारी ती काडी, म्हणजे चुकणार ती काडीच, आणि मान घालणार तीही काडीच. एवढ्यावर त्यानं निकाल दिला आणि त्या दिवसापासून तोच निकाल चालू राहिला. डबकं दिसलं की काडी. भांडं भरलं की गोटी. प्रत्येक डबक्यानं काडी आणखी ओली ठरत गेली, प्रत्येक भांड्यानं गोटी आणखी कोरडी, आणि दर संध्याकाळी तो बायकोला सांगायचा, गोटी फारच पटकन शिकतेय, काडीचं अवघड आहे. तो खोटं सांगत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. कारखान्यात नव्या मुलांना तो स्वतः पहिला धडा देतो, एका रंगाकडे फार वेळ बघितलं की नजर पुढचा रंग आपल्या मनाचा बघते, म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये राखाडी भिंतीकडे बघायचं, नजर धुऊन घ्यायची. दिव्यांच्या खोलीत त्यासाठी एक भिंत मुद्दाम राखाडी ठेवली आहे. घरात त्यानं एकदाही नजर धुतली नाही. दोघी तेव्हा अर्ध्या शिकलेल्या होत्या, या वयाची कुठलीही पोरं असतात तशा, कधी सांगणाऱ्या, कधी विसरणाऱ्या. त्यानं त्यांच्या बरोबरच्या वेळा सगळ्या एकीला दिल्या आणि चुकीच्या वेळा सगळ्या दुसरीला.

शेजारी गोटी बाकाच्या फळीवर नखानं रेघा मारत होती. समोरून एक बाई ढकलगाडीतून खोकी नेत होती, तिच्या चाकाचा आवाज लांब गेल्यावरही त्याच्या कानात राहिला. त्याला आणखी दोन गोष्टी आठवत होत्या, आणि त्या आठवू नयेत म्हणून तो मघापासून बाकीचं सगळं आठवत बसला होता. एका दुपारी तो भांडी घासत असताना एक जण ओल्या पायांनी मागे येऊन उभी राहिली होती. त्यानं वळून म्हटलं, "काडी, परत?" तेव्हा त्या मुलीनं मागे वळून पाहिलं होतं. काडी आपल्या मागे उभी असेल म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग तिनं पुन्हा बापाकडे पाहिलं, जरा वेळ, आणि मान खाली घातली. तेव्हा त्याला वाटलं, ही पोर मठ्ठ आहे, आपलंच नाव कळत नाही हिला. आत्ता त्याला कळत होतं की ती मागे कुणाला शोधत होती, आणि पुढच्या खेपेला तिनं मागे का पाहिलं नाही. बाप म्हणतोय म्हणजे खरंच असणार. बापाच्या शब्दावर अडीच वर्षांची मुलगी आपल्या नावावरही पाणी सोडते.

आणि दुसरी गोष्ट तर त्यानं खात्यात सगळ्यांना कौतुकानं सांगितली होती. एकदा एक जण पॉटीवरून उठली, भांडं दोन्ही हातांनी ओढत त्याला दाखवायला घेऊन आली. "वा, गोटी!" तो म्हणाला आणि टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. ती तशीच आतल्या खोलीत गेली, बहिणीला हाताला धरून घेऊन आली आणि तिला भांड्यासमोर उभं केलं. मग स्वतः बाजूला सरकली. त्यानं त्या दुसरीला उचलून घेतलं, पापा घेतला. खात्यात सांगताना तो म्हणाला होता, बघा, दुसरी शाबासकी घेतेय तर हिलाही आनंद, किती प्रेम बहिणींचं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. खरं तर भांडं भरणारी काडी होती. गोटीला शाबासकी मिळाली म्हणून ती जाऊन गोटीला घेऊन आली, ज्याची वस्तू त्याला नेऊन द्यावी तशी. आपल्या कमाईचा पापा बहिणीला मिळताना ती बाजूला उभी राहून बघत होती आणि त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्यात निदान एक चोर तरी असतो. इथे कोणीच काही चोरलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या त्याला वाटलं, आत्ता कुणी माझ्या मुस्काटात मारली तर बरं होईल, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना आपापली कामं होती.

त्यानं बायकोला फोन लावला. मागे डेपोतला गोंगाट होता, कुणीतरी गाडीचा क्रमांक पुकारत होतं. त्यानं सांगितलं, दुकानातलं आधी, मग बाकीचं, तुकड्या तुकड्यांत. मोठ्या गटाचं ठरत होतं त्या रात्रीचं भांडण दोघांनाही आठवलं असणार. तेव्हा ती म्हणाली होती, "दोघी जातील, नाही तर एकही जाणार नाही. पोटात असल्यापासून एकमेकींशिवाय झोपल्या नाहीत त्या." आणि तो म्हणाला होता, एकीसाठी दुसरीला मागे का ठेवायचं, हा गोटीवर अन्याय आहे, काडीला जरा चुरस वाटली तर तीही शिकेल. तो न्यायाची भाषा बोलत होता आणि न्यायाच्या भाषेपुढे तिला बोलता आलं नाही. सोमवारी दोघींना जिन्यापाशी वेगळं केलं तेव्हा गोटी रडली, वाकून वाकून खाली बघत रडली. काडी रडली नाही. ती खालच्या पायरीशी हात बाजूला सोडून उभी राहिली, आणि त्याला बरं वाटलं की चला, एकीनं तरी समजूतदारपणे घेतलं. "मी सांगितलं होतं" असं आता बायको फोनवर म्हणेल म्हणून तो वाट बघत होता, म्हणाली असती तर सोपं झालं असतं. ती म्हणाली, "आत्ता काडी कुठे आहे?" "खालीच. अजून वेळ आहे सुटायला." "वेळ कसला बघतोस," ती म्हणाली, "जा ना तिच्याकडे."

तो गोटीला कडेवर घेऊन निघाला. ती जड झाली होती, पण उतरवली असती तर रमत गमत चालली असती. वाटेत त्यानं तिला सांगायचा प्रयत्न केला. "तू गोटी आहेस. शू झाली तरी गोटीच. झाली नाही तरी गोटी." तिनं त्याच्या शर्टचं बटण फिरवत ऐकलं. मग निळ्या चड्डीकडे बोट दाखवून म्हणाली, "काडीची." "चड्डी काडीची. तू गोटी." "काडीची," ती म्हणाली आणि विषय संपवला. तो घाईनं चालत होता आणि मनात सगळं ठरवत होता. दोघींना उद्यापासून खालीच ठेवायचं, किंवा घरी, किंवा पुन्हा डायपर घालायचा, वर्षभर घालायचा, कोणाचं काय बिघडतं. नेलपॉलिश आणायचं, तोच लाल रंग, आणि काडीला म्हणायचं, हे बघ. पोरं विसरतात, या वयातलं कुणाला काय आठवतं. पण विसरायला आधी आठवण लागते, आणि ही तर तिची आठवणही नव्हती, ती स्वतःला काय समजते ते होतं. एकदा शिकवलेलं न शिकवलेलं करता येत नाही. रंगात चुकून काळ्याचा थेंब जास्त पडला की तो बाहेर काढता येत नाही, पांढरा ओतत राहायचा फक्त, डब्यामागून डबे. त्यानं आणखी भराभर पावलं उचलली.

पाळणाघराच्या तळमजल्यावर साबणाचा आणि गरम दुधाचा वास होता. सांभाळणाऱ्या बाई एका बाळाला खांद्यावर थोपटत फेऱ्या मारत होत्या. निळ्या चड्डीतली गोटी बघून त्या थबकल्या. "अगंबाई, ही इथे होती ना आत्ता? बाहेर कशी गेली?" "ही गोटी आहे. वरची," तो म्हणाला. "काडीला न्यायला आलोय. तिचं कसं चाललंय? म्हणजे, चड्डीचं?" बाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "कसं म्हणजे, बाकीच्यांसारखंच. कधी सांगते, कधी राहून जातं. आज तर कोरडीच आहे, आत्ता आपली आपण जाऊन बसली होती. मी शाबास म्हटलं तर म्हणाली, गोटी वर आहे." त्या हसल्या. "फार आठवण काढते हो बहिणीची." तो हसू शकला नाही. "हो," म्हणाला.

काडी कोपऱ्यातल्या खिडकीखाली होती. जमिनीवर बसून ती लाकडी ठोकळ्यांतून एक एक ठोकळा उचलून टोपलीत टाकत होती, आवाज न करता, शेजारी कोणी झोपलंय हे कळत असल्यासारखी. दोन पावलांवर जाऊन तो उकिडवा बसला. गोटी त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. ही माझी मुलगी आहे, त्याला वाटलं, आणि मी हिला आज पहिल्यांदा नीट बघतोय. तिच्या मानेवर घामानं चिकटलेली एक बट होती, ओठांचा चंबू केलेला होता. त्याला तिची माफी मागायची होती, पण तेवढ्या लहान कानात घालायला माफीचे शब्द त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा त्यानं एवढंच केलं, जमेल तेवढ्या मऊ आवाजात, मनात होती नव्हती तेवढी सगळी माया त्यात घालून हाक मारली. "काडी."

ती दचकली. हातातला ठोकळा तिनं खाली ठेवला, उठून उभी राहिली आणि आधी स्वतःच्या पायांखालची फरशी पाहिली. मग दोन्ही हातांनी आपली चड्डी चाचपली, पुढून आणि मागून. "नाही केली," ती म्हणाली.

"नाही गं, मी तसं नाही म्हणत. तू माझी काडी ना?"

तिनं फ्रॉक गळ्यापर्यंत वर धरला आणि त्याला दिसावं म्हणून पुढे आली. "नाही केली, बाबा."

त्यानं पाहिलं. निळी चड्डी स्वच्छ, कोरडी होती. त्यानं मान डोलावली, आणि मग ते पुरेसं नाही असं वाटून कसाबसा म्हणाला, "हो. नाही केलीस."

तिनं फ्रॉक सोडला. चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथे हळूहळू आशा आली, ती त्याला डोळ्यांदेखत येताना दिसली. "मी गोटी?" तिनं विचारलं. त्याच्या खांद्याला धरून निळ्या चड्डीतली गोटी उभी होती, आणि तीही त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.